धुऱ्यावरचा खांब

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जो उठे तो गाडी घेऊन येई. कापसाचं वाटोळं झालेलं, बातम्या दिल्लीपर्यंत पोचलेल्या, आणि मग काय, रोज नवा पाहुणा. कोणी गांडुळं घेऊन यायचं, कोणी ध्यान शिकवायला, कोणी नुसताच कॅमेरा गळ्यात अडकवून. गावातल्या बायकांनी चहा करून करून हात टेकले होते. मी शहराबाहेरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते आणि या सगळ्या पाहुण्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. एक दिवस मीच तसलं यंत्र घेऊन स्वतःच्या घरी जाईन, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

यंत्र माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कोणाकोणाचं झालं.

मोबाइलचा टॉवर चारी बाजूंना लहरी फेकत असतो. त्यातल्या आपल्या फोनला लागतात किती? चिमूटभर. बाकी सगळ्या भिंतींवर, झाडांवर, ढोरांच्या पाठीवर पडून वाया जातात. या वाया जाणाऱ्या लहरी अँटेनानं झेलायच्या, त्यांची वीज करायची, ती थेंबाथेंबानं साठवायची, आणि पुरेशी साठली की तेवढ्यावर मातीतली ओल मोजणारा एक लहानसा सेन्सर जागा करायचा. तो घरी ठेवलेल्या डब्याला निरोप धाडतो, डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो, की सेन्सर पुन्हा झोपला. सेल बदलायची कटकट नाही, वायर नाही, सोलरची पाटी रात्रीतून कोणी उचलून नेईल ही भीती नाही. मात्र ती वीज इतकी कमी, की तिला वीज म्हणताना मलाच संकोच वाटायचा.

आता यातली मेख. आमचं गाव बोरी अरबच्या पलीकडे. गावाला दोन टॉवर, एक पूर्वेला, एक बाजाराच्या अंगाला. आणि दिवस लोडशेडिंगचे. लाइन गेली की टॉवर जनरेटरवर चालायचा, आणि जनरेटरमधलं डिझेल कोणाच्या ट्रॅक्टरात जायचं ते देव जाणे. कधी हा टॉवर मुका, कधी तो. एकाच टॉवरकडे तोंड करून बसलेली अँटेना अर्धा दिवस उपाशी राहायची. म्हणून मी अशी अँटेना केली, की जी आपलं तोंड स्वतः वळवेल. वळवेल म्हणजे जागची हलणार नाही हं. तांब्याचे चार चौकोन एका पाटीवर शेजारी शेजारी. प्रत्येकात आलेली लहर जराशी मागेपुढे करून चौघांची बेरीज केली, की चौघांची मिळून नजर दुसरीकडे जाते. मान जागच्या जागी, नजर तेवढी फिरते. आमच्या आईला हे फार छान जमायचं. पाहुण्यांसमोर मान न हलवता ती आम्हा दोघांनाही गप्प बसवायची.

दोघं म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ. मी शिकले, तो शेतात राहिला. त्याला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं, त्याला शेतच आवडायचं. पण एका साली कपाशी डोक्याएवढी वाढली होती, अळी काही केल्या हटत नव्हती, आणि दादा पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारत राहिला. तोंडाला नुसता दुपट्टा. वारा फिरला की सगळं औषध अंगावर. संध्याकाळी घरी आला तो डोळे लाल आणि तोंडातून फेस. दवाखान्यात पुष्कळ दिवस काढले. जीव वाचला, पण हात थरथरायला लागले ते लागलेच. शेतात औषधाचा वास जरी आला तरी त्याला चक्कर यायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, या माणसाला कपाशीत पाऊल टाकू देऊ नका.

तेव्हापासून बाबा आणि एक गडी मिळून शेत करायचे आणि दादा ओसरीवर बसून असायचा. वहिनी, लहान पोरगी आणि तो. धडधाकट दिसणारा माणूस दिवसभर ओसरीवर बसलेला म्हटल्यावर गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? "बसून खाते" असं त्याच्या कानावर पडायचं. एकदा तो कोणाला न सांगता लोहाऱ्याला, एमआयडीसीत काम मागायला गेला. तिथं त्याला स्क्रू पिळायला दिले. हात पाहिले आणि म्हणाले, उद्या कळवतो. कळवलं कोणीच नाही. मला हे वहिनीनं सांगितलं. तो कधी बोलला नाही.

अशात आमच्या विभागप्रमुखांना माझ्या यंत्राचा वास लागला. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही सरच म्हणते. सर बोलण्यात लोणी होते. त्यांनी बाहेरच्या एका संस्थेकडे प्रकल्प पाठवला आणि मला म्हणाले, "मॅडम, प्रयोग खऱ्याखुऱ्या शेतात झाला पाहिजे. तुमच्या घरचं शेत आहे ना?" मी म्हटलं, आहे. मग म्हणाले, "प्रकल्प मंजूर झाला तर खांबाची देखरेख करायला गावातलाच माणूस लागेल. चांगली तीन वर्षांची नेमणूक. तुमचे बंधू घरीच असतात ना?"

काय सांगू, त्या एका वाक्यावर मी फशी पडले. नाहीतर मी माझं यंत्र त्यांच्या हाती देते काय! दादाला काम मिळेल. शेतातलं काम, आणि कपाशीत न शिरता. खांब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर लावायचा, तिथं बाबा फवारणी करणार नाहीत, सकाळी जायचं, पाहायचं, परत यायचं. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

खांब रोवला त्या दिवशी दादा पुष्कळ दिवसांनी शेताच्या कडेला उभा राहिला. वर पांढरा प्लास्टिकचा डबा, आत माझी पाटी. खाली मातीत सेन्सर.

"काय वो, याच्यावर मोटर चालन काय?" त्यानं विचारलं.

"मोटर कुठली चालते दादा. माती ओली का कोरडी, तेवढं सांगते."

"थे तं मी पाय ठेवूनच सांगतो," तो म्हणाला आणि हसला. मग त्याचं त्यालाच आठवलं असावं, पाय ठेवायला मनाई आहे ते. तो वर डब्याकडे पाहत राहिला.

पण दुसऱ्या दिवसापासून बघावं तर दादा वेगळाच. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि साहेब निघाले धुऱ्याकडे. खांबाला आधारानं एक शिडी बांधली. डबा पुसायचा. झाकण उघडून आत मुंग्या झाल्या का पाहायचा. झाकणाचे स्क्रू कसे काढायचे ते मीच शिकवलं होतं. त्या हातांनी एकेक स्क्रू काढायला त्याला किती वेळ लागायचा, पण कोणाला हात लावू द्यायचा नाही. घरी आला की ओसरीवरच्या डब्यासमोर बसून दिवा लुकलुकण्याची वाट पाहायचा, आणि लुकलुकला की स्वयंपाकघरात ओरडायचा, "ओल हाय! बाबाले सांगा, पानी नोका देऊ!" बाबा म्हणायचे, मले दिसते ना. पण तेही आतून खूश होते. गावातले लोक थट्टा करायचे, "काय इंजिनेर, आला का करंट?" थट्टा होती, पण बसून खातो यापेक्षा बरी होती. वहिनी मला फोनवर म्हणाली, "बाई, आता थे जेवतात." एवढंच म्हणाली.

सरांनी मात्र वर्तमानपत्रात छापून आणलं, हवेतून वीज! मग काय विचारता. लोक धुऱ्यावर येऊन विचारायचे, याच्यावर पंखा फिरते काय, टीव्ही चालते काय. मी सरांना म्हटलं, असं कशाला सांगता, आपल्या विजेवर डासाचे पंखही हलायचे नाहीत. तर म्हणाले, "अहो मॅडम, लोकांना आशा लागते." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आशा लोकांना लागते, फोटो सरांना लागतात. पुढचा खांब झरी जामणीला लावायचा त्यांचा बेत होता. तिथं टॉवर दिसतो तरी का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जंगलातलं गाव फोटोत चांगलं दिसतं.

संस्थेची पाहणी समिती येणार असं ठरलं. तारीख त्यांनी तिकडून ठरवली, आणि ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी! आमच्याकडे करीला कोणी कामाला हात लावत नाही. घरोघरी मटण शिजतं आणि माणसं पारावर पडून असतात. सरांना म्हटलं, तारीख बदला. ते म्हणाले, त्यांच्या कॅलेंडरात पोळा नाही. नसेल तर नसेल, मेल्यांच्या कॅलेंडरात आम्ही तरी कुठं होतो!

पोळ्याच्या चार दिवस आधी सरांनी ओसरीवरचा दिव्याचा डबा मला कॉलेजात आणायला लावला. कशाला? तर त्यावर स्टिकर लावायचं होतं. कॉलेजचं नाव, सरांचं नाव, आणि खाली मुंग्यांएवढ्या अक्षरांत सहकार्य म्हणून माझं. पोळ्यालाही मला घरी सोडलं नाही. समितीसमोर दाखवायच्या चित्रांचे रंग त्यांना पसंत पडत नव्हते. दादाचा दुपारी फोन आला.

"बैलं सजवले. पोरगी लय खूश हाय. तू फिकर नोको करू, सायबाईची सारी तयारी झाली. खांबबी तयार केला."

मला वाटलं, पुसला असेल. मी म्हटलं, बरं केलंस, आणि त्याचे शब्द तसेच सरांनाही सांगितले.

करीच्या दिवशी आम्ही दोन गाड्या घेऊन पोचलो. समितीत दोघं पुरुष आणि एक बाई. दादा वाटेवरच उभा होता. नवा शर्ट, कपाळाला टिळा, दाढी केलेली. दाढी करताना कापलं होतं हनुवटीला. वहिनीनं करीच्या दिवशी पाहुण्यांसाठी पुन्हा पुरणाचा घाट घातला होता. समितीतल्या बाईंनी तिला विचारलं, "या तंत्रज्ञानाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" वहिनी म्हणाली, "जेवून जा."

सगळे धुऱ्यावर गेलो. काळ्या मातीचा चिखल, पाहुण्यांचे बूट किलो किलोचे झालेले. दिव्याचा डबा मी हातात धरला. सर बोलत होते, किती सोपं, किती स्वस्त, शेतकरी किती आनंदी. दादा खांबाशी हात मागे बांधून ताठ उभा होता. म्हणजे थरथर दिसू नये म्हणून.

दिवा लागला नाही.

मी म्हटलं, थोडा वेळ लागतो. थांबलो. नाही लागला. टॉवर मुके आहेत का पाहावं तर फोनला भरपूर रेंज. खालच्या जोडण्या पाहिल्या, तार पाहिली, सेन्सर उपटून पुन्हा रोवला. काही नाही. मी शिडीकडे गेले, म्हटलं वरचा डबा उघडून पाहते. सरांनी दंडाला धरलं आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "राहू द्या मॅडम. आणखी तमाशा नको."

समितीतला एक जण घड्याळ पाहत होता. बाईंनी बूट एका दगडावर घासला आणि म्हणाल्या, संकल्पना मात्र छान आहे. मग सगळे परत फिरले. कोणी जेवलं नाही. वहिनीनं वाढलेली ताटं तशीच राहिली.

सर जाताना म्हणाले, डबा खाली काढा, उद्या कॉलेजात पाहू. तो दादानंच काढला. शिडीवर चढून, छातीशी धरून खाली आणला आणि गाडीत माझ्या मांडीवर ठेवला. "आत म्या सारं नीट केलतं," तो म्हणाला. "मंग काहून नाही चाललं?"

मला काय माहीत होतं. मी म्हटलं, पाहते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सर आणि मी, दोघांनी मिळून झाकण उघडलं. चारही चौकोनांवर बेगड लावलेला होता. बैलांच्या शिंगांना लावतात तो. दोन चौकोनांना सोनेरी, दोनांना गुलाबी. आणि मधोमध कुंकवाचं बोट.

पोळ्याला आमच्याकडे जे जे कामाचं, ते ते सजतं. बैलांसोबत वखर सजतो, गाडी सजते. दादाच्या कामाचं तर तेवढं एकच होतं. आणि साहेबलोक येणार, त्यांना असलं देवाधर्माचं आवडत नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून वरून हळदीचा ठिपकासुद्धा नाही, सगळं झाकणाच्या आत. कोणाला दिसू नये म्हणून आतून. बेगड म्हणजे चकचकीत धातूचा पातळ थर. अँटेनाच्या तोंडावर तो बसला, की लहर आत शिरणार कुठून? डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखंच झालं ते.

मी पाहत राहिले ते त्या बेगडाच्या कडा. एकही कड वाकडी नव्हती. चौकोनाच्या बाहेर कणभर नाही. ते हात, आणि ते काम! त्याची सगळी दुपार गेली असेल त्यात, बैलांच्या मिरवणुकीलाही गेला नसेल. मला हुंदका आला.

आणि सर हसायला लागले. खुर्चीत बसून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नवरदेव केला की हो याचा! बाशिंग तेवढं राहिलं!"

मी बेगड काढला, स्पिरिटनं पाटी पुसली, तिला सेन्सर जोडून ती खिडकीत धरली. दिवा लुकलुकला. मी सरांना म्हटलं, सर, चालतंय. त्यांना आजच फोन करा. एकदा परत बोलवा, नाहीतर मी यंत्र घेऊन त्यांच्या दारात जाते. मी हात जोडले. खरोखर जोडले, आयुष्यात कोणासमोर जोडले नव्हते.

सर डोळे पुसत म्हणाले, "आणि त्यांना कारण काय सांगू? शेतकऱ्यानं पोळ्याला सजवलं होतं म्हणून? लोक हसतील मॅडम आपल्याला. कॉलेजची काही इज्जत आहे."

महिन्याभरात कळवलं गेलं, की जागा अनुकूल नाही. खांब निघाला. दादा पुन्हा ओसरीवर.

त्याला मी काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्या माणसाला सगळं गाव बसून खातो म्हणतं, त्याला सांगू, की तुझं काम तुझ्याच हातानं गेलं? मी म्हटलं, आतला एक भाग खराब निघाला. तो म्हणाला, "तुही मशीन पाहुण्याईले पाहून लाजली." आणि वर मलाच समजावलं, वाईट नको वाटून घेऊ म्हणून. सगळ्या नातेवाइकांत झालं, की हिचं यंत्र फसलं. होऊ दे म्हटलं.

पण मी सरांना सोडलं नाही. रोज त्यांच्या खोलीत जायचे, सर, तुम्ही नेमणूक म्हणाला होतात. शेवटी कंटाळून म्हणा, माझं तोंड बंद राहावं म्हणून म्हणा, त्यांनी दादाला कॉलेजच्या गेटवर वॉचमन लावून दिलं. दादा शहरात आला, वहिनी आणि पोरगी आल्या, कॉलेजच्या मागच्या बाजूला एक खोली मिळाली. कपाशीचा वास नाही. गेट उघडायचं, लावायचं. त्याला साहेब म्हणजे देवमाणूस वाटायचे. सरांची गाडी दिसली की तो धावत जायचा, गेट पुरतं उघडायचा आणि सलाम ठोकायचा. मला ते बघवायचं नाही. मी मागच्या दारानं यायला लागले.

कारण सर इकडे गोष्ट सांगायला लागले होते. आधी स्टाफरूममध्ये, मग बाहेरच्या कॉलेजांतून, मग परिषदांतून. खेड्यात तंत्रज्ञान नेताना येणाऱ्या गमतीजमती, असं त्या भाषणाचं काहीतरी नाव असायचं, आणि त्यातला सगळ्यात मोठा हशा बेगडाला. शहरं बदलत गेली तशी गोष्ट फुगत गेली. आता त्यात नारळ फुटायला लागला, बैल अँटेनाला ओवाळायला लागले. जे समितीला सांगायला लाज वाटत होती, ते आता सगळ्या मुलखाला सांगायला काही वाटत नव्हतं! एकदा मी त्यांना गाठून म्हटलं, "सर, तो माझा भाऊ आहे. बाहेर गेटवर उभा आहे तो."

ते म्हणाले, "अहो, नाव कुठं घेतो मी?"

असं करता करता सर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमध्ये, भरदुपारी. शाल, श्रीफळ, भाषणं. सगळ्या कर्मचाऱ्यांनाही बोलावलं होतं. दादा हॉलच्या दाराशी उभा होता, युनिफॉर्म धुऊन, बिल्ला लावून. सकाळीच त्यानं स्वतःच्या पगारातून एक हार आणून सरांच्या गळ्यात घातला होता.

सर बोलायला उठले आणि माझ्या लक्षात आलं, ते ती गोष्ट सांगणार. आपल्या हक्काच्या लोकांसमोर ते ती सोडतील कशाला? मी पुढच्या रांगेत अडकले होते. वळून पाहिलं, दादा मन लावून ऐकत होता.

"एका गावात आम्ही अँटेना लावली," सर म्हणाले. हॉल आधीपासूनच हसायच्या तयारीत, पुष्कळांनी ती ऐकलेली. सरांनी वऱ्हाडीत नक्कल करायला सुरुवात केली, "सायेब, म्या खांब तयार केला!" हॉल फुटला. दादाही हसला. सगळे हसतात, साहेब बोलतात, म्हणून हसला. मग सर म्हणाले, धुऱ्यावरचा खांब. मग म्हणाले, पोळा. मग म्हणाले, झाकणाच्या आत, सोनेरी आणि गुलाबी.

मी पाहत होते. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं. त्यानं हात मागे बांधले. लोक बाकं बडवत होते. तो दारातून निघून गेला.

मी लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आले. दादा गेटवर होता, आपल्या जागी. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. सरांनी आणि मी डबा उघडला तेव्हाच."

"आन् बेगड काढल्यावर? चाललं थे?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

"चाललं," मी म्हटलं. "लगेच चाललं, दादा."

तो गेटच्या कडीशी खेळत राहिला. कडी वाजत होती.

"मंग त्याइले परत काहून नाही बोलावलं? एक खेप बोलवा लागत होतं. मी सोताच्या हातानं काढून देल्लं असतं. कोनी सांगतलंच नाही मले, का थे काढा लागते."

"मी हात जोडले सरांसमोर. ते नाही म्हणाले. लोक हसतील म्हणाले."

"हासतील?"

हॉलमधून टाळ्यांचा आवाज आला. कार्यक्रम संपला होता. थोड्या वेळानं सरांची गाडी वळून गेटकडे आली, मागच्या सीटवर हारांचा ढीग, वरचा हार दादाचाच. दादानं गेट पुरतं उघडलं. सरांनी काच खाली करून हात हलवला, म्हणाले, "येतो रे, मजेत राहा." दादाचा हात कडीवरच राहिला. गाडी निघून गेली.

मी म्हटलं, "दादा, सोड ही नोकरी. मी आहे ना."

त्यानं गेटचा दुसरा पल्ला ओढून लावला. मग म्हणाला, "नोकरी लागली तवा मी त्याच्या घरी गेलतो. पाया पडलो त्याच्या. माह्या पोरीलेबी पडाले लावलं."

हॉलमधून लोक बाहेर यायला लागले होते. तो गेटचा दुसरा पल्ला उघडायला गेला.